नवी जाती की नवी प्रजाती?

प्रश्न असा आहे : "नामशेष झालेल्या समुद्री सरीसृपाची 'नवी प्रजाती सापडली', असे मथळे वारंवार वाचनात येतात. शाळेत मात्र आम्ही 'प्रजाती' हा शब्द जेनस या अर्थाने आणि 'जाती' हा स्पीशीज या अर्थाने शिकलो. मग अशा बातमीत कोणता शब्द योग्य? आणि जीवाश्मांवरून ठरवलेल्या प्राण्याबद्दल 'सापडली' म्हणावे की 'ओळखली'?"

शाळेत शिकलेले बरोबर आहे. मराठी शास्त्रीय परिभाषेत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी उतरंड रूढ आहे. पाठ्यपुस्तके ती पाळतात, आणि मराठी विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींत अमुक प्रजातीत इतक्या जाती आहेत अशी वाक्ये जागोजाग आढळतात. प्राण्यांच्या बाबतीत प्रजातीऐवजी 'वंश' असेही लिहिले जाते. म्हणजे मराठीत जाती हा सर्वांत खालचा, नेमका गट आणि प्रजाती हा त्याच्या वरचा, अनेक जातींना सामावणारा गट. वृत्तपत्रांतील 'नवी प्रजाती' बहुतेक वेळा हिंदीतून येते. हिंदी बातम्यांत स्पीशीजसाठी 'प्रजाति' हाच शब्द सर्रास वापरतात आणि जेनसला 'वंश' म्हणतात. शब्द दोन्ही भाषांत एकसारखा दिसत असल्यामुळे भाषांतर करताना अर्थाची पायरी बदलल्याचे ध्यानातच येत नाही. दुसरे कारण सामाजिक असावे असे मला वाटते. 'जात' या शब्दाला आपल्याकडे जो भार आहे, तो टाळण्यासाठी पुष्कळ जण 'प्र' लावून मोकळे होतात.

गोंधळाचे मूळ काही अंशी या 'प्र'मध्येही आहे. 'प्रपितामह' म्हणजे पितामहाच्या वरची पिढी. तेथे 'प्र' एक पायरी वर नेतो. 'प्रशाखा' म्हणजे शाखेला फुटलेली लहान शाखा. तेथे तोच उपसर्ग एक पायरी खाली आणतो. त्यामुळे प्रजाती ही जातीच्या वर की खाली, हे शब्दाकडे नुसते पाहून ठरवता येत नाही. जुन्या संस्कृताचाही आधार मिळत नाही. तैत्तिरीय उपनिषदात 'प्रजातिश्च स्वाध्यायप्रवचने च' असे वचन आहे, पण तेथे प्रजाति म्हणजे संततीची परंपरा पुढे चालणे. शांकरभाष्य तिचा अर्थ पौत्रोत्पत्ती असा देते. वर्गीकरणातील अर्थ आधुनिक परिभाषेने दिलेला आहे, आणि ठरवून दिलेला अर्थ ठरवल्याप्रमाणे वापरला तरच उपयोगी पडतो.

हा भेद पाळला नाही तर नेमके काय बिघडते, हे इक्थिओसॉर या प्राण्यांच्या उदाहरणांवरून पाहू. माशासारख्या देहाचे हे सरीसृप डायनासोरांच्या काळात समुद्रात राहत, पण ते स्वतः डायनासोर नव्हेत. त्यामुळे 'समुद्री डायनासोर' हा मथळ्यांतील दुसरा लाडका शब्दही टाळावा.

जीवाश्मशास्त्रज्ञ डीन लोमॅक्स यांनी 2008 साली इंग्लंडमधील डॉन्कास्टरच्या संग्रहालयात एक इक्थिओसॉर पाहिला. तोवर ती प्लास्टरची प्रतिकृती समजली जात होती. प्रत्यक्षात तो डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचा खरा जीवाश्म होता. त्याच्या वल्ह्यांसारख्या अवयवांतील हाडांचा आकार ज्ञात जातींशी जुळेना. लोमॅक्स आणि त्यांच्या सहसंशोधक जूडी मॅसारे यांनी इतर नमुन्यांशी त्याची तुलना केली आणि 2015 मध्ये त्याला 'इक्थिओसॉरस ॲनिंगी' असे नाव दिले. यातील इक्थिओसॉरस हे नाव एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले आहे. नवा आहे तो फक्त दुसरा शब्द, लाइम रीजिस येथे जन्मभर जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंगच्या स्मरणार्थ दिलेला. म्हणून येथे नवी जाती आहे, नवी प्रजाती नाही. 'नवी प्रजाती सापडली' हे वाक्य येथे पारिभाषिक दृष्टीने थेट चुकते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. सॉमरसेटच्या किनाऱ्यावर लिलस्टॉक येथे 2016 साली एका महाकाय इक्थिओसॉरच्या खालच्या जबड्याचे हाड मिळाले. 2018 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण नाव दिले गेले नाही. 2020 मध्ये ब्लू अँकर येथे एका अकरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना तसेच दुसरे हाड मिळाले. दोन मीटरांहून लांब असलेल्या या हाडाची वैशिष्ट्ये पहिल्या हाडाशी जुळली, तेव्हा कुठे 2024 मध्ये 'इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस' हे नाव जाहीर झाले. सुमारे 20 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची लांबी 25 मीटरच्या आसपास असावी असा अंदाज आहे. येथे नावाचे दोन्ही शब्द नवे आहेत, म्हणजे प्रजातीही नवी आणि जातीही नवी. स्पीशीजसाठी 'प्रजाती' हा शब्द खर्ची घातलेल्या लेखकाला हे वाक्य मराठीत कसे लिहिता येईल?

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, कच्छमधील लोडाई गावाजवळचे. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्याचे वर्णन केले. सुमारे साडेपाच मीटर लांबीचा हा सांगाडा भारतातील जुरासिक काळातला पहिला इक्थिओसॉर ठरला. पण त्याचा संबंध ऑफ्थॅल्मोसॉरिडी या कुलाशी असावा एवढेच त्यांनी म्हटले; नव्या जातीचे नाव दिले नाही. जवळजवळ पूर्ण सांगाडा हाती असूनही कुलाच्या पायरीवर थांबण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो. मराठीत अशी बातमी देताना 'इक्थिओसॉर कुलातील' (इक्थिओसॉर हा कुलाच्या वरचा गट आहे) किंवा 'नव्या प्रजातीचा' असे काही लिहिले, तर तो संयम वाया जातो.

शास्त्रीय नावाचे दोन शब्द मराठी वाचकाला समजावताना मी हजेरीपटाचा दाखला देतो. तेथे आडनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते. तसे येथे प्रजातिनाम आधी, जातिनाम नंतर. 'ॲनिंगी' हे लॅटिनमधील स्त्रीलिंगी षष्ठीचे रूप आहे, म्हणजे 'ॲनिंगचा'. 'सेव्हर्नेन्सिस'मधला शेवटचा प्रत्यय स्थळ दाखवतो आणि आपल्या 'कर'च्या अगदी जवळचा आहे. सेव्हर्न ही तेथील नदी; हा प्राणी सेव्हर्नकर आहे असे म्हटले की कोणालाही लगेच कळते.

'जाती' या शब्दाची अडचण मान्य केली पाहिजे. हापूस आणि पायरी यांनाही आपण आंब्याच्या जाती म्हणतो, वास्तविक शास्त्राच्या दृष्टीने ते दोन्ही एकाच जातीचे आंबे आहेत. पण त्यासाठी शेतीत 'वाण' हा उत्तम शब्द आहे आणि शेतकरी तो रोज वापरतात. हापूस हा वाण, आंबा ही जाती, आणि ती ज्या मँजिफेरा गटात येते ती प्रजाती, असे लिहिले की कुठेच अडखळायला होत नाही.

आता क्रियापदाविषयी. सापडतो तो जीवाश्म. जाती सापडत नाही. डॉन्कास्टरचा नमुना संग्रहालयात होताच, तरी ती जाती 2015 पर्यंत शास्त्राच्या नोंदीत आली नव्हती, कारण तोवर ती कोणी वेगळी ठरवली नव्हती. 'ओळखली' हेही मला पटत नाही. मराठीत ओळख पटते ती आधी ठाऊक असलेल्या माणसाची किंवा वस्तूची. कच्छच्या सांगाड्याबाबत 'तो इक्थिओसॉर असल्याची ओळख पटली' हे वाक्य निर्दोष आहे, कारण इक्थिओसॉर आधीच माहीत होते. नव्या जातीच्या बाबतीत मात्र उलटी प्रक्रिया घडते : नमुना सर्व ज्ञात जातींशी ताडून पाहतात, तो कोणाशीच जुळत नाही हे वैशिष्ट्यांसह दाखवतात, आणि मग एका विशिष्ट नमुन्याशी कायमचे बांधलेले नाव प्रसिद्ध करतात. यासाठी 'निश्चित केली', 'वेगळी ठरवली' किंवा 'तिचे प्रथमच वर्णन केले' ही क्रियापदे नेमकी आहेत.

'नामशेष' हा शब्द मात्र निःशंकपणे वापरावा. तो 'विलुप्त'पेक्षा मराठीत अधिक मुरलेला आहे. फोड केली तर ज्याचे केवळ नाव उरले ते नामशेष, आणि येथे हाडे उरली असून नाव सर्वांत शेवटी आले, हे खरे; पण रूढ अर्थ पक्का झालेला असल्याने ती फोड आड येत नाही.

तेव्हा आपण दिलेला मथळा, पहिल्या उदाहरणासाठी, मी असा लिहीन : 'नामशेष समुद्री सरीसृपाची नवी जाती निश्चित'. दुसऱ्यासाठी : 'महाकाय इक्थिओसॉरची नवी प्रजाती व जाती निश्चित'. लेखनात आणखी एक काळजी घ्यावी. 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहावेत, पण समासात पूर्वपदी आले की ऱ्हस्व होतात : जातिनाम, प्रजातिनाम, जातिवैशिष्ट्य.