दार २४ इंच, खुर्ची २६

प्रश्न : ताई, आईला चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेलीये. सदाशिव पेठेत जुनी बिल्डिंग, तळमजला आहे पण बाहेर तीन पायऱ्या. दादाने घाईघाईत ऑनलाइन व्हीलचेअर मागवली, ती बाथरूमच्या दारातच अडकते. आणि आई म्हणते मला नकोच ती, सारखं कुणीतरी ढकलत बसणार. परत करू का?

उत्तर : अहो, थांबा जरा. १८ इंची म्हणून विकतात ना, ते नुसतं सीटचं माप, चाकं आणि हाताने ढकलायच्या रिंगा धरून तीच खुर्ची २५-२६ इंच होते, आणि तुमचं बाथरूमचं दार असणार २४. दुकानदार हे सांगत नाही, ऑनलाइन तर विचारूच नका. बाथरूमसाठी बारक्या चाकांची कमोड चेअर बघा, पण आधी टेप घेऊन दाराची मोकळी जागा मोजा, पल्ल्याची जाडी सोडून. लगेच विकत घेऊ नका, पुण्यात डिपॉझिट ठेवून रुग्णसाहित्य वापरायला मिळतं.

आता आईंचं. त्या एका हाताने रिंग ढकलत असतील तर खुर्ची जागच्या जागी गोल फिरणार, कुणालाही वैताग येईल. उजवीकडचा फूटरेस्ट काढून टाका, डावा राहू दे. उजवा हात रिंगेवर आणि उजवा पाय जमिनीवर, पायाने ओढत हाताने ढकलत जायचं. त्यासाठी टाच पूर्ण टेकली पाहिजे, जाड उशी घातली की सीट उंच होतं आणि पाय लोंबकळतो, म्हणून टाच टेकते का ते उशी घालूनच बघा. पण उशी हवीच, तासन् तास एका जागी बसलं की जखमा होतात, दर अर्ध्या तासाने थोडं पुढे वाकवायचं.

तीन पायऱ्यांना रॅम्प विसरा. इंचाला एक फूट लांबी लागते, २१ इंच उंची असेल तर २१ फूट, तेवढ्यात रस्ताच येईल! वर घेताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करून मागची मोठी चाकं आधी, दोन माणसं, आणि समोरच्याने फ्रेमच धरायची, फूटरेस्ट धरला तर तो हातात येतो.

आणि डावा ब्रेक आईंच्या हाताला पोचणार नाही. माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीला आम्ही ब्रेकच्या दांड्यावर वीतभर प्लास्टिकचा पाइप घट्ट बसवला होता, उजव्या हाताने आडवे वाकून ते स्वतः लावायचे, आम्ही लावलेला त्यांना चालायचाच नाही.