गेमिंग आणि डिझाइन, दोन्हीसाठी एकच मॉनिटर घ्यायचा तर काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट तीस हजार, मशीनमध्ये आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड, दिवसा फोटोशॉप आणि कोरल ड्रॉ, रात्री व्हॅलोरंट हा गेम, अधूनमधून सायबरपंक. दुकानदार 32 इंची कर्व्ह्ड गळ्यात मारतोय, मित्र म्हणतोय फोरकेच घे.

माझं उत्तर: 27 इंच, 1440पी (म्हणजे उभे 1440 पिक्सेल), आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा), 144 हर्ट्झ (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या पुढचं काहीही. आणि पैसे मोजण्याआधी त्याच्या मेनूत एसआरजीबी मोड (वेबच्या ठरलेल्या रंगांपुरतंच दाखवणारं सेटिंग) आहे का, त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमीजास्त करता येतो का, एवढं बघा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं त्या एसआरजीबी मोडपायी मी कशी तोंडावर आपटले त्याबद्दल आहे.

मी नाशिकला असते. कामातला मोठा भाग साड्यांच्या दुकानांचा: इन्स्टाग्रामच्या पोस्ट, सणासुदीची पत्रकं, कधी छोटा कॅटलॉग. पूर्वी माझ्याकडे साधा 22 इंची मॉनिटर होता. मग हौसेने एक गेमिंगचा घेतला. खोक्यावर '130 टक्के एसआरजीबी' असं ठसठशीत छापलेलं. मला वाटलं, शंभरापेक्षा जास्त म्हणजे उत्तमच की! घरी आणून लावला तर रंग असे पेटले, की त्या रात्री गेम खेळताना गवतसुद्धा खावंसं वाटत होतं.

आठवडाभराने एका दुकानाचं पैठण्यांचं पत्रक केलं. त्यात एक राणी रंगाची होती. माझ्या स्क्रीनवर ती नुसती भडकलेली दिसत होती, म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, खाली ओढलं. मोरपंखीचंही तेच केलं. स्क्रीनवर सगळं अगदी मूळ साडीसारखं दिसायला लागलं, तेव्हा फाइल पाठवली. पत्रक छापून आलं, तेव्हा दुकानातल्या काकांनी काही न बोलता ती पैठणी गादीवर पसरली, शेजारी पत्रक ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ही राणी नव्हे, ही कांद्याची साल आहे." त्या छपाईचा अर्धा खर्च मी सोसला. इन्स्टाग्रामवरही तोच धुतलेला रंग गेला होता, ते वेगळंच.

झालं काय होतं, ते सांगते. वेबवरची बहुतेक चित्रं एसआरजीबीच्या मापाने बनलेली असतात. हे माप 1996 सालचं, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेलं. फाइलमध्ये लाल 255 लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ 'एसआरजीबीमधला सगळ्यात भडक लाल'. पण माझ्या मॉनिटरला त्याहून बराच भडक लाल दाखवता येत होता, आणि 255 आकडा दिसला की तो आपला स्वतःचा सगळ्यात भडक लाल दाखवून मोकळा व्हायचा. मॉनिटरचं खरं प्रोफाइल (तो कुठले रंग दाखवतो ते सांगणारी फाइल) विंडोजमध्ये घातलेलं नसल्यामुळे फोटोशॉप बिचारा समजत होता की समोर साधा एसआरजीबी मॉनिटर आहे. म्हणजे रंग खोटा वाढलेला मला दिसत होता, आणि मी खरा कमी करत होते.

एसआरजीबी मोड ही वाढ कापून टाकतो. गोम अशी की बऱ्याच गेमिंग मॉनिटरवर हा मोड लावला की ब्राइटनेस एका जागी कुलूपबंद होतो, तोही डोळे दिपतील इतका. मग दोन दिवसांत कंटाळून तुम्ही तो मोड बंद करता. म्हणून म्हटलं, दुकानात मेनू उघडून स्वतः हलवून बघा. मनासारख्या मॉडेलमध्ये हा मोड नसेलच, तर एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नोव्हिडिओ एसआरजीबी' नावाचं छोटं फुकट टूल मिळतं, ते हेच काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतं. तुमच्या 3060 वर चालेल. मी शेवटी त्याच टूलवर तो मॉनिटर वर्षभर ओढला.

गंमत म्हणजे पूर्वी भांडण वेगळंच होतं. खेळायचं तर टीएन पॅनेल: वेगवान, पण मान जरा खाली केली की रंग उलटेपालटे. डिझाइन करायचं तर आयपीएस, 60 हर्ट्झ, गपगुमान. 2015 मध्ये एसरने 1440पी, 144 हर्ट्झचा आयपीएस आणला, तिथपासून हे भांडण मिटत गेलं. आज चांगला आयपीएस दोन्ही कामं करतो. आता अडतं ते उलट बाजूने, रंग कमी पडण्यात नाही, जास्त होण्यात.

आता साइझ. 27 इंचावर 1080पी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. एका इंचात जेमतेम 82 पिक्सेल बसतात. इंग्रजी अक्षरं त्यात निभावून जातात, देवनागरी नाही. कोरलमध्ये नऊ पॉइंटला 'राष्ट्र' किंवा 'कर्तृत्व' टाइप करून बघा: ष्ट्रच्या खालची तिरकी रेघ आणि तृचा ऋकार यांचा नुसता लगदा होतो, रफार आहे की कागदावरचा डाग आहे ते कळत नाही. तेच 1440पीवर इंचाला 109 पिक्सेल येतात आणि अक्षर सुटं दिसतं. 32 इंचावर 1440पी म्हणजे इंचाला 92, म्हणजे पुन्हा 24 इंची 1080पीच्याच वर्गात. दुकानदाराचा 32 इंची इथेच बाद झाला.

कर्व्ह्डबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. खेळायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण दिवसभर लग्नपत्रिका आणि बॅनर लावायचे असतील तर शिरोरेषा सरळ आहे की वाकलीय, याचा डोळ्यांना भरवसा राहत नाही. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. शिवाय या बजेटमधले कर्व्ह्ड बहुतेक व्हीए या तिसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे असतात. त्यांचा काळा रंग आयपीएसपेक्षा खरंच गडद असतो, कॉन्ट्रास्ट तीन हजारास एक, आयपीएसचा हजाराच्या आसपास. पण गडद सीनमध्ये काही हललं की मागे काजळ फासल्यासारखा पट्टा ओढला जातो. सायबरपंकच्या रात्री तो हटकून दिसेल.

फोरके? डिझाइनला सुंदर. पण 1440पी म्हणजे साधारण 37 लाख पिक्सेल, फोरके म्हणजे 83 लाख. तुमच्या 3060 ला सायबरपंकमध्ये 1440पीलाच घाम फुटणार आहे, दुपटीहून जास्त पिक्सेल तो कुठून ओढणार? कार्ड बदलायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

हर्ट्झच्या मागे फार लागू नका. 60 वर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद थांबते, 144 वर 6.9, 240 वर 4.2. पहिली उडी घेतलीत की माउस हातात वेगळाच वाटतो, दुसरी शोधावी लागते. 'वन एमएस' (पिक्सेल एका मिलिसेकंदात रंग बदलतो असा दावा) हे खोक्यावरचं अक्षर तर सोडूनच द्या. तो आकडा बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग बदलायची घाई करणारं सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन काढलेला असतो, आणि तिथे नेलंत की हलणाऱ्या वस्तूभोवती पांढुरकी भुतं दिसतात. मधलं सेटिंग ठेवा. 'एचडीआर 400' या खोक्यावरच्या शिक्क्यावरही पैसे घालू नका, त्यात लोकल डिमिंगची (पडद्याचा उजेड भागाभागाने कमीजास्त करण्याची) अट नसते, सगळा पडदा एकदम उजळतो.

ओलेड तीस हजारांत बसणार नाही, पण बसला असता तरी मी तुम्हाला नको म्हटलं असतं. दिवसाचे आठ तास कोरलचा तोच टूलबार, खाली तोच टास्कबार, एकाच जागी. त्याचा ठसा पडद्यावर उमटायची भीती डोक्यात ठेवून काम होत नाही.

मॉनिटर घरी आल्यावर दोन गोष्टी लगेच करा. एक, डिस्प्लेपोर्टची केबल लावा आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा. मी तीन आठवडे 60 वरच खेळत होते, आणि मित्रमैत्रिणींना रोज सांगत होते की 165 हर्ट्झवर काय मस्त स्मूथ वाटतं म्हणून. दोन, ब्राइटनेस उतरवा. नवा मॉनिटर कंपनीतून दुकानाच्या झगमगाटात उठून दिसेल असा येतो. 'स्क्रीनवर छान होतं, छापून काळपट आलं' ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच निघते. साधा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, खोलीतल्या उजेडात कागद आणि पडद्यावरचं रिकामं पान सारखं पांढरं वाटेपर्यंत खाली या. विंडोजचा नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारा) बंद. गेम मोडमधलं ते अंधार उजळणारं 'शॅडो बूस्ट' की काय असतं ते कोपऱ्यातल्या शत्रूसाठी ठीक आहे, फोटोसाठी नाही. म्हणून खेळायला एक मोड, कामाला दुसरा, आणि मागच्या बटणावर दोन्ही ठेवून द्या.

कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) विकत घेऊ नका अजून. एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे असतोच, दिवसभरासाठी मागून आणा, चहा पाजा. त्यासोबत लागणारं डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. उरलेल्या पैशांत उंची कमीजास्त होणारा स्टँड असलेलं मॉडेल बघा, मान वाचेल.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमचं स्वतःचं छापून झालेलं एक काम न्या, आणि तो छापील कागदही न्या. काळी स्क्रीन लावून चारही कोपरे बघा, पांढरी लावून मेलेला पिक्सेल शोधा. एखाददुसऱ्या पिक्सेलसाठी बदलून मिळेल का, ते बिलाआधीच विचारा. जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावरच घ्या, 18 टक्के क्रेडिट उगाच सोडू नका.

आणि सध्याचा मॉनिटर विकू नका, येणार किती त्याचे. माझा तो 22 इंची मी उभा करून शेजारी ठेवलाय, त्यावर लेयर्सची यादी आणि क्लाएंटचं व्हॉट्सॲप असतं. रंग मात्र त्यावर बघत नाही.