गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

चर्चच्या आवारातील ज्या खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते, तेथे हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. मन खचलेले असते, मानसोपचारतज्ज्ञांनी औषध लिहून दिलेले असते, आणि मंडळीतील कोणीतरी म्हटलेले असते की प्रार्थनेवर भरवसा असेल तर गोळ्या कशाला हव्यात. अशाच एका शिक्षिकेची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून येथे मांडते.

बाईंनी अंथरुणाला खिळलेल्या आईची चार वर्षे सेवा केली होती. आई गेल्यावर काही महिन्यांनी त्यांची झोप पहाटे तीनलाच मोडू लागली, जेवण नकोसे झाले, वर्गात फळ्याकडे तोंड केले की पुढचे आठवेना. त्यांना सर्वांत जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : डोळे मिटले तरी प्रार्थनेचे शब्द येत नव्हते. डॉक्टरांनी औषध सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात उपवास-प्रार्थनेच्या सभेत एका ज्येष्ठ भगिनींनी, अगदी मायेने, विचारले, “तुझा भरवसा गोळीवर आहे की प्रभूवर?” त्याच रात्री बाईंनी गोळ्या बंद केल्या. दोन-तीन दिवसांत चक्कर आणि मळमळ सुरू झाली, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले, आणि ही आपल्या अविश्वासाची शिक्षा आहे असे त्यांनी ठरवून टाकले.

पहिल्या भेटीत चूक माझ्याकडूनच झाली. त्यांचे रडणे मला सोसवेना, म्हणून मी घाईने सांत्वनाचे एक वचन म्हटले. बाईंनी डोळे पुसले, “होय, खरं आहे ते,” म्हणाल्या आणि पुढची पंधरा मिनिटे माझ्या प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत राहिल्या. बायबलमधील ईयोबावर एकामागून एक संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. हे मी प्रशिक्षणवर्गात इतरांना शिकवते, एवढे येथे कबूल केलेले बरे.

दुसऱ्या भेटीत मी सरळ विचारले, “बाई, जगू नये असं वाटतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, बहुतेकांना विचारल्याने हायसे वाटते. त्या म्हणाल्या, “स्वतःचं काही करणार नाही, ताई. पण देवानं न्यावं असं रोज वाटतं.” तसा बेत किंवा साधन मनात आहे का, हेही मी विचारून घेतले. नव्हते. तरीही घरात कोणाला सांगायचे हे आम्ही दोघींनी ठरवले आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा निःशुल्क, चोवीस तास चालणारा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये जतन केला.

मग मी एलीयाचा विषय काढला, कारण देवाने आपल्याला न्यावे असे मागणारा तो संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली नेमका याच अवस्थेत आडवा झाला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा उशाशी ठेवला, त्याला पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला उठवले. ‘येथे काय करतोस’ हा प्रश्न आला तो चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कव्हराची चेन उघडून गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. चार घरे रिकामी होती, सहा भरलेली. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता आणि घ्यायचाही नाही.

औषधाबाबत निर्णय डॉक्टरांचा, म्हणून मी त्यांना त्याच आठवड्यात परत पाठवले. मी समजावले ते एवढेच की अशा औषधांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, ती एकाएकी बंद केली की चक्कर येऊ शकते आणि विजेचा झटका बसल्यासारखे होऊ शकते, आणि ‘मी देवाला नकोशी झाले’ ही अपराधी भावना पुष्कळदा नैराश्याचेच लक्षण असते. आजारानेच उभा केलेला पुरावा आजाऱ्याविरुद्ध वापरायचा, हे मला फार निर्दय वाटते. शिवाय हा वाद आपल्या मंडळ्यांत यावा याचेही नवल वाटते. मिरजेला मिशनरी डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले ते मिशनचेच काम म्हणून, आणि प्रेषित पौलाच्या सोबत्यांपैकी लूक तर वैद्यच होता.

बाईंची परवानगी घेऊन मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, भेटले. त्यांनी व्यासपीठावरून काही बोलावे असे मी सुचवले नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कोणी डबा पोहोचवील का, एवढेच विचारले. एका वारी त्याच ज्येष्ठ भगिनी जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी बोलायला काही सुचेना, म्हणून त्या ओट्यापाशी बसून बाईंबरोबर मटार सोलत राहिल्या, असे मला नंतर कळले. शब्द येत नसतील तेव्हा बायबलमधील ८८वे स्तोत्र मोठ्याने वाचा, असे मी बाईंना सांगितले होते. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, तेथे आशेची ओळ जोडलेली नाही. त्या ते रात्री वाचत.

चार महिन्यांनी झोप बरीचशी परतली. मग सुगीच्या उपासनेत साक्ष देण्याबद्दल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याबद्दल, त्यांना विचारणा झाली आणि त्या पुन्हा माझ्याकडे आल्या : “औषध अजून चालू आहे, ताई. मग बरी झाले असं कसं सांगू?” बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवावे लागते, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेच होते. मी म्हटले, “सांगायचं तर गोळीसकट सांगा, आणि नको वाटत असेल तर सांगूही नका.” त्या रविवारी त्यांनी साक्ष दिली नाही. वेदीपुढे ज्वारीची पिशवी ठेवली आणि मागच्या बाकावर, मटार सोलणाऱ्या त्या भगिनींच्या शेजारी, जाऊन बसल्या.