ते तिकीट मीच काढलं होतं

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तिकिटांच्या कामाला लागून आठ दिवस होत नाहीत तोच तुझी शंका आली, "पीएनआर पाठवला म्हणजे तिकीट दिलंच ना?" नाही. एवढ्या एका गैरसमजापायी माणसं विमानतळावरून परत फिरलेली मी पाहिली आहेत.

पीएनआर ही अक्षरं-आकड्यांची सहा खुणांची ओळ, आणि ती आरक्षणाची. जागा नुसती धरून ठेवली, पैसे भरलेच नाहीत, तरी ती मिळते. मुदत संपली की आरक्षण आपोआप रद्द. तिकीट खरंच निघालं हे सांगतो तो १३ आकडी तिकीट क्रमांक. त्यातले पहिले ३ आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. हा क्रमांक स्वतः पाहिल्याशिवाय कुणालाही "झालं तुमचं काम" म्हणू नकोस.

वेळेचं मात्र सविस्तर लिहितो. एका आजोबांचं तिकीट मी काढलं होतं. तारीख १५, सुटण्याची वेळ ००:२०. कागद वाचून ते "बरं" म्हणाले आणि गेले. १५ तारखेला रात्री १० वाजता सामान घेऊन विमानतळावर हजर झाले, तेव्हा विमान सुटून जवळजवळ २२ तास उलटले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले. तोच कागद, चार घड्या पडलेला, आणि १५ या आकड्याखाली पेनाने ओढलेली रेघ. तारीख त्यांनी मनापासून पाळली होती. सांगायचं राहिलं होतं ते माझ्याकडून. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की मी तिकिटावर हाताने लिहितो: "१४ तारखेला रात्री ९ वाजता विमानतळावर पोहोचणे." तूही लिही. आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, हेही सांग.

आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद केली. त्या तिकिटांत प्रत्येक टप्प्याचं वेगळं कूपन असायचं. एक फाडून घेतलं की उरलेली हातात दिसायची. कूपनं आता संगणकात गेली, पण ती क्रमानेच वापरायची हा नियम राहिला. पहिला टप्पा चुकवला तर बहुतेक कंपन्या पुढचे सगळे रद्द करतात, परतीचासुद्धा. प्रवाशाला वाटतं, पैसे भरलेत, जागा आपलीच. त्याला हे तोंडानेच सांगावं लागतं.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर उडवणाऱ्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं. त्यावर खूण कर. चेक-इन बहुधा तिच्याकडेच होतं.

शेवटी कागद हातात देताना विचार, "घरून कधी निघणार?" उत्तरात वार आणि वेळ दोन्ही येऊ देत. वार चुकला, तर तो तुझ्यासमोरच चुकेल.