‘तारण’: बँकेतलं आणि बायबलमधलं

एका वाचकाचा प्रश्न आहे: “मराठी बायबलमध्ये जागोजागी ‘तारण’ येतं. आम्हाला तारण म्हटलं की सोनेतारण कर्जच आठवतं. शब्द एकच का? आणि मूळ हिब्रू अर्थ त्यात उतरतो का?”

शब्द एकच. तरणे म्हणजे पार जाणे, तारणे म्हणजे पार नेणे. आपल्याकडे पैसेही ‘बुडतात’, म्हणून ते बुडू नयेत यासाठी ठेवलेला दागिना, तोही तारणच.

हिब्रूत मात्र पाण्याची नव्हे, जागेची कल्पना आहे. तिथला शब्द ‘येशुआ’. यहोशवा, यशया, होशेय, येशू ही सगळी नावं त्याच धातूची. त्या धातूचा संबंध अनेक अभ्यासक ‘ऐसपैस, रुंद’ या अर्थाशी जोडतात. सगळ्यांना ती व्युत्पत्ती मान्य नाही, पण बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये कल्पना तीच दिसते. ‘त्सर’ म्हणजे अरुंद आणि ‘त्सारा’ म्हणजे संकट. ११८व्या स्तोत्रातला माणूस म्हणतो की मी अरुंद जागेतून हाक मारली आणि देवाने मला मोकळ्या जागेत आणून उत्तर दिलं. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपली ‘अडचण’ अशीच आहे. खोलीत सामान फार झालं तरी अडचण, आणि पैसे नसले तरी अडचणच.

त्याच स्तोत्रात पुढे ‘होशिया ना’ येतं, ज्याचं पुढे ‘होसान्ना’ झालं. अर्थ ‘तार ना!’ हिब्रूतला तो ‘ना’सुद्धा विनवणीचाच. आपल्या ‘ये ना’तल्या ‘ना’शी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

सोनेतारणाची आठवण अगदीच गैरलागू नाही. सुटकेसाठी हिब्रूत दुसरा धातू आहे, ‘गाअल’, आणि तो थेट व्यवहारातला. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात, गरिबीमुळे कोणी जमीन विकली तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी असं सांगितलंय. तो नातलग म्हणजे ‘गोएल’. आपण गहाण ‘सोडवतो’, तसंच. निर्गम या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात इस्राएलांना मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून सोडवण्याचं वचन देताना देव हेच क्रियापद वापरतो. म्हणजे नातलगाचं कर्तव्य स्वतःकडे घेतो. वल्हांडण या सणाच्या रात्री ज्यू कुटुंबांत वाचली जाणारी सुटकेची कथा, हग्गादा, पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली गेली. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची घरची भाषा मराठीच होती.

आता ‘विश्वास’. निर्गम १४मध्ये समोर समुद्र आणि मागे फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे रथ. इस्राएलांचा पुढारी मोशे सांगतो, भिऊ नका, उभे राहा आणि येशुआ बघा. समुद्र पार झाल्यावर अध्यायाच्या शेवटी येतं की लोकांनी परमेश्वरावर आणि मोशेवर विश्वास ठेवला. तिथलं क्रियापद ‘आमेन’च्याच धातूचं आहे. त्या धातूचा गाभा पक्केपणा, टिकून राहणं. त्यामुळे मला ‘विश्वास’पेक्षा ‘भरवसा’ जास्त जवळचा वाटतो, किंवा रोजच्या बोलण्यातली ‘भिस्त’. यशया ७मध्ये संदेष्टा याच धातूवर कोटी करतो. मी ती अशी करेन: भरवसा धरला नाहीत, तर टिकाव धरणार नाही.

आणि निर्गम १७मध्ये अमालेकांशी लढाई चालू आहे. मोशेचे हात वर असले की इस्राएलांची सरशी, खाली आले की अमालेकांची. हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले. हाच शब्द इतरत्र श्रद्धेसाठी, निष्ठेसाठी येतो. इथे मात्र ‘न ढळणारे’ एवढंच लिहावं लागतं.