भूमिका ‘निभावू’ नका

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मानसशास्त्राच्या टिपणात ‘सोशल रोल’ला ‘सामाजिक भूमिका’ म्हणावं की ‘सामाजिक पात्र’, आणि ‘भूमिका निभावली’ चालेल का?

नाही चालणार. ग्वाल्हेरात हे रोज कानावर येतं, सत्काराच्या भाषणात तर हमखास: ‘त्यांनी आईची भूमिका उत्तम निभावली.’ हिंदीत ‘निभाना’ म्हणजे नीट पार पाडणं. मराठीत ‘एवढ्या दुधावर आज निभावून नेऊ’ म्हणतो तेव्हा दूध कमी पडलेलं असतं. सत्कारमूर्तीला असं म्हणायचं? भूमिका करा, वठवा, पार पाडा.

पुस्तकाची भूमिका, पक्षाची भूमिका हे सर्वांना ठाऊक आहे, सोडून देऊ. मौज नाटकातल्या अर्थात आहे. काही जाणकार छातीठोकपणे सांगतात की तो इंग्रजी ‘रोल’वरून अलीकडे बेतला. साफ चूक! आठव्या शतकातलं भवभूतीचं ‘मालतीमाधव’ उघडा. प्रस्तावनेतच कळतं की वृद्ध भिक्षुणी कामंदकीची ‘भूमिका’ खुद्द सूत्रधार करणार आहे. शब्द हाच. शिवाय ते नाटक घडतं पद्मावती नगरीत, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्या ग्वाल्हेरजवळच्या पवाया गावी!

जुने कोशकार म्हणतात, भूमिका म्हणजे दुसरं रूप घेणं. त्यांच्याशी माझं भांडण आहे. रूप आणि वेष मागून आले. आधी भूमी, पायाखालची जागा, पायरी. योगसूत्रांत ‘अलब्धभूमिकत्व’ हा साधनेतला एक अडथळा सांगितला आहे: पायरीच हाती न लागणं. आमच्या वाड्यात गणपतीतल्या नाटकाच्या तालमी चालायच्या. सावकार झालेला मुलगा अंगणात उभा राहून नुसता पुटपुटायचा. एका संध्याकाळी काकांनी त्याला ओट्यावर उभं केलं, कुळाला खाली फरशीवर बसवलं, आणि त्याच वाक्याला त्याचा आवाज असा चढला की कूळ झालेला पोरगा खरोखर मागे सरकला. वेष कुठला? अंगात घरचाच बनियन होता.

उलट ‘रोल’ म्हणजे मुळात फ्रेंच नटाच्या हातातली, त्याचे संवाद लिहिलेली कागदाची गुंडाळी. एक जमीन, एक कागद. हा फरक मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसतो. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग मांडला. २४ विद्यार्थी निवडले, रोजचे १५ डॉलर. कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे नशिबावर सोडलं. पहारेकरी इतके छळू लागले की दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळला. जागेनेच माणूस बदलला, असं अजून शिकवतात. पण २०१९ मध्ये फ्रेंच संशोधक तिबो ल टेक्सिए यांनी प्रयोगाची कागदपत्रं तपासून दाखवलं की कसं वागायचं याच्या सूचना पहारेकऱ्यांना मिळाल्या होत्या. गुंडाळी हातात दिलेली होती! मी तरी त्याला भूमिका म्हणणार नाही.

भूमिका पाहायची तर प्रिन्स्टनचा प्रयोग पाहा. मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि बॅटसन, १९७३. धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी एकेक करून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला निघाले. वाटेत दारात एक माणूस मान टाकून, कण्हत बसलेला. ‘उशीर झालाय’ असं सांगून धाडलेल्यांपैकी १० टक्केच मदतीला थांबले, सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के. संवाद कुणीच दिले नव्हते. पायाखालची जमीन, म्हणजे हाताशी असलेली सवड, तेवढी वेगळी होती.

‘पात्र’ राहिलंच. पात्र म्हणजे भांडं, आणि नाटकात वावरणारी व्यक्ती. आमच्या नाटकातला सावकार हे पात्र, तो वठवणं ही त्या मुलाची भूमिका. ‘सामाजिक भूमिका’च लिहा.