फिल्म कॅमेऱ्यावर स्ट्रोबोस्कोपिक फ्लॅश वापरून हालचाल कशी टिपावी?

कुठला फ्लॅश घ्यावा आणि सेटिंग काय ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. सांगतो. स्ट्रोबोस्कोपिक फ्लॅश, म्हणजेच स्ट्रोब, शटर उघडं असताना ठरावीक वेगाने अनेकदा चमकतो, त्यामुळे हालचालीचे टप्पे एकाच फोटोत उतरतात. पण असा फोटो ही डार्करूममधली करामत आहे असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकून घेऊ नका. माझा असाच एक फोटो स्पर्धेच्या परीक्षकांनी 'मोंटाज', म्हणजे वेगवेगळे फोटो जोडून केलेला, म्हणून बाद केला होता.

फोटो मल्लखांबाचा. खांबावर चाललेली कसरत स्ट्रोबला मानवत नाही, सगळी रूपं जागच्या जागी एकमेकांवर चढतात आणि नुसता गोळा होतो. म्हणून मी खांबावरून बाहेर घेतलेली सरळ उडी निवडली. रात्री आखाड्यातले दिवे घालवले, मागे काळा पडदा लावला, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत उघडं. फ्लॅश बाजूला ठेवला, कारण समोरून मारला तर उडी घेणाऱ्या मुलाचे डोळे दिपतात. वेग सेकंदाला 10, एकूण 8 फ्लॅश.

खरी अडचण खांबाची. मुलगा दर फ्लॅशला नव्या जागी असतो, त्यामुळे त्या जागेला एकदाच प्रकाश मिळतो. खांब हलत नाही, त्याला आठही वेळा मिळतो, म्हणजे तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). त्यात तो एरंडेल पिऊन चकाकणारा. फ्लॅशपुढे काळं कार्ड धरून मी खांबावरचा प्रकाश अडवला, कडेने निसटला तेवढाच त्याला पुरला.

"दोन-तीन निगेटिव्ह एकावर एक ठेवून छापलंय," असं परीक्षक म्हणाले. मी घरी येऊन प्रिंटवर पट्टी ठेवली. खांबाची उंची माहीत होती, त्यावरून माप काढलं. खाली येताना कमरेच्या दोन जागांमधलं प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटरने वाढत गेलेलं. सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजलं तर गुरुत्वाकर्षण एवढंच देतं. कात्रीने जोडणारा हे कशाला सांभाळेल? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात खेळाडूंचे फटके याच रीतीने एका निगेटिव्हवर उतरवले, त्यांना कुणी मोंटाजवाले म्हणत नाही.

आता फ्लॅश. ज्यात 'रिपीट' किंवा 'मल्टी', म्हणजे एकामागून एक अनेकदा चमकण्याचा मोड आहे असा जुना चांगला फ्लॅश बघा. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप फ्लॅश मोजणं, विसरा, हिशेब हाताने करा. फ्लॅशची ताकद सांगणारा गाइड नंबर (अंतर गुणिले एफ-आकडा) 100 च्या फिल्मवर मीटरमध्ये 36 असेल तर 1/16 पॉवरला तो 9 होतो, 400 च्या फिल्मवर 18. माणूस साडेचार मीटरवर असेल तर एफ/4. मोजायचा तो एकाच फ्लॅशचा प्रकाश, आठांची बेरीज नाही. माणसाला गडद कपडे देऊ नका, पडद्यात हरवतो.

दोन गोष्टी राहिल्या. सलग वापराने फ्लॅश तापतो, मध्ये त्याला थंड होऊ द्या. आणि ज्यांना फिट येते अशा कुणालाही त्या खोलीत थांबू देऊ नका, या वेगाची लुकलुक त्यांना खरोखर धोक्याची असते.

स्पर्धेला पाठवणार असाल तर उंची माहीत असलेली एखादी वस्तू फ्रेममध्ये असू द्या, आणि शेजारच्या फ्रेम दिसतील असा कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हची पट्टी थेट कागदावर ठेवून काढलेला) सोबत जोडा. माझ्याकडे दोन्ही होतं, पण परीक्षकांनी मागितलंच नाही. तुम्ही मागण्याची वाट बघू नका.